राजाची दाढी

"आजी, ही दाढीवाली बाई कोण गं?" चिंचेने माझी चांदी उजळताना नातीने विचारलं आणि माझं टाळकंच सरकलं.

असाच संताप मी लग्नाच्या वर्षी कामशेतच्या फलाटावर केला होता. सुट्टी संपवून हे पलटणीत निघाले होते. गाडी दिसल्यावर यांनी माझ्या मुठीत राजाच्या छापाचा जुना रुपया कोंबला. छावणीत बसून, खिळ्याने कोरून यांनी त्या राजाची मी केली होती. नथ, कुंकू, अंबाडा, सगळं होतं. वर कडीही लावलेली.

"पोतीत घाल. मी येईस्तवर काढू नगंस."

"आन् ही दाढी?"

"राजाची हाय. लय खरवडली, निघंना."

"मग राजालाच नांदवा!"

गाडी हलली तरी माझं तोंड फिरलेलंच. काय तो तोरा! नवरा सरहद्दीवर चाललाय आणि बाईसाहेबांना हनुवटीची पडलीय. हे परत येईपर्यंत तो रुपया गळ्यातून काढला मात्र नाही. चेहरा तेवढा आतल्या बाजूला वळवून ठेवला.

आज नातीवर डाफरून झाल्यावर चष्मा लावून आरशात पाहिलं. हनुवटीवर पांढरे केस! म्हणजे यांना तेव्हाच दिसले होते. मग तसं सांगायला काय झालं होतं?