सगळ्यांत हळू कोण चालतं?

सहलींच्या त्या छोट्याशा कचेरीत त्यांना सगळे ‘बाकवाले’ म्हणत. समुद्रापलीकडच्या त्या गरम, हिरव्यागार देशात कुणाला पाठवायचं झालं, की ते आधी एकच विचारत, “तुमच्यात सगळ्यांत हळू कोण चालतं?” मग त्या माणसाच्या पायांनी अख्खी सहल आखत. एकाच रस्त्यावर देऊळ, मशीद, चर्च आणि विहार असलेला तो देश, दुकानांच्या पाट्या चार लिप्यांत; पण बाकवाल्यांच्या हाताने काढलेल्या नकाशात ठळक काय, तर बसायचे बाक. कुठल्या बाकावर दुपारी सावली येते हेसुद्धा तोंडपाठ. स्वतः मात्र ते तिथे कधी गेले नव्हते. परतलेल्या लोकांना खोदून खोदून विचारायचं, आणि पुढच्याला असं सांगायचं की जणू आत्ताच त्या बाकावरून उठून आलेत.

तेवीस वर्षांच्या नोकरीनंतर एकदाचा त्यांचा स्वतःचा तिकडे जायचा नंबर लागला. बायको, मुलगी आणि ते. मुलीने यादी काढली: गुहेतल्या देवळाच्या पावणेतीनशे पायऱ्या, जंगलातला झुलता पूल. बाकवाल्यांनी कागद पुढ्यात ओढला आणि स्वतःचाच प्रश्न आडवा आला. घरातलं सगळ्यांत हळू चालणारं माणूस म्हणजे अक्का, त्यांची थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची, शिलाईकाम करायची. आई गेल्यावर हिनेच त्यांना वाढवलं, शिकवलं, आणि मशीन चालवून चालवून गुडघे घालवून बसली. तिला न्यायचं तर पायऱ्या गेल्या, पूलही गेला. बाकवाले बराच वेळ पेन्सिल चावत बसले, आणि शेवटी त्यांनी तिघांचाच बेत आखला.

अक्काला त्यांनी सांगितलं, की आमची कंपनी साठीच्या पुढच्यांना तिकडे नेत नाही. अक्का म्हणाली, नियमच असेल तर कोण काय करणार. तिने इतक्या सहज मान्य केलं की त्यांना घास गोड लागेना. जगाच्या आज्यांना बाक शोधून देणारे आपण, आणि सख्ख्या बहिणीला सरळ थाप मारली, हे त्यांना जेवताना, दाढी करताना, नकाशा काढताना टोचत राहिलं. पण खरं सांगायला काही जीभ उचलली नाही.

निघायला आठवडा उरला असताना अक्का शर्ट घेऊन आली. तिकडे उकडतं म्हणून सुती कापड, आतून पासपोर्टसाठी बटणाचा खिसा. घालून दाखव म्हणाली. बाकवाले हात पसरून उभे राहिले आणि ती खांद्यावर टाचण्या लावू लागली.

“मास्तरीणबाई आल्या होत्या माझ्याकडे, पिशवीची चेन बदलायला,” ती म्हणाली. “बहात्तर वर्षांच्या आहेत. मागच्या वर्षी तूच पाठवलंस ना त्यांना तिकडे? फार कौतुक करत होत्या तुझं.”

बाकवाल्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. बहिणीला चार कामं मिळावीत म्हणून मास्तरीणबाईंना तिचा पत्ता त्यांनीच दिला होता.

“अक्का, माझं चुकलं.”

“हो, चुकलं.”

आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना सोसेना. ते घाईघाईने सांगू लागले, की अजून वेळ आहे, तिकीट मिळेल, बेत नव्याने आखतो, खड्ड्यात गेल्या त्या पायऱ्या. अगदी मनापासून बोलत होते. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्यांना मोकळं वाटत होतं.

अक्काने शेवटची टाचणी लावली. “नको रे. आता नेशील ते मला बघायला मिळावं म्हणून नाही, तुला बरं वाटावं म्हणून. मास्तरीणबाईंना मी सांगितलं, हा पाया पडला तरी मीच नको म्हटलं. शेजारीही विचारतात, त्यांनाही तेच. कुणी विचारलं तर तूही तेच सांग, दोघांचं वेगवेगळं नको निघायला. चल, पाठमोरा हो, कॉलर बघू दे.”

बाकवाले पाठमोरे झाले. आता तोंड तिला दिसणार नाही म्हणून त्यांना क्षणभर बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच फार लाज वाटली.