पंख्याच्या आवाजाचा प्रोसेसर

मंडळी, माझा पहिला कॉम्प्युटर मी स्वतः जोडतेय. महिनाभर वाचून दोन प्रोसेसर ठरवले होते. त्यातला एक आज अष्टमी गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून आणला.

दुकानदार म्हणाला, "काकी, हा छोटा घ्या. तुमच्या लिहिण्या-वाचण्याला भरपूर हाय. तापत नाय, पंख्याचा आवाजपण नाय."

"आणि मोठा?"

"त्याचा पंखा सारखा घरघरतो. कशाला ती कटकट?"

आमचे हे गेले त्याला तीन वर्षं झाली. आता घरात भांडंसुद्धा मी ठेवलं तरच वाजतं.

मी मोठा मागितला.

"गेम खेळताय काय काकी?" तो हसला. मीही हसले. खरं कारण त्याला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतेय.

तुम्ही घरात एकटे असता, तेव्हा कसला आवाज चालू ठेवता?