डाव्या कमरेवरची जागा

एम. एस. झाल्यावर मी आणखी दोन वर्षं फक्त मोठं आतडं आणि गुदाशय यांच्या शस्त्रक्रिया शिकायला शहरात गेले, तेव्हा वडिलांची मोठी पंचाईत झाली. गेवराईच्या बाजारात कुणी विचारलं, लेक आता काय शिकतीय, तर ते "पोटाची डॉक्टर" एवढंच सांगून मोकळे व्हायचे. पोट म्हटलं की समोरचा आपलं आंबट ढेकरांचं गाऱ्हाणं सुरू करायचा आणि वडील घरी येऊन माझ्यावरच चिडायचे. मला हसू यायचं. ते काम मला मनापासून आवडत होतं. अवघड जागेचं दुखणं म्हणून बायका वर्ष वर्ष अंगावर काढतात आणि त्यांच्या बोलीत विचारणारी बाई समोर दिसली की भडाभडा बोलतात. याचा मला गर्वही होता, तो लपवत नाही.

कॅन्सर अगदी खाली असला की गुदाशय काढून शौचाची वाट कायमची पोटावर आणावी लागते आणि तिथे पिशवी चिकटवावी लागते. ती वाट कुठे काढायची, हे आदल्या दिवशी पेनाने खूण करून ठरवायचं, असा आमच्या सरांचा नियम होता. रुग्णाला निजवून, बसवून, उभं करून, वाकवून बघायचं. वळी पडते तिथे नको, हाडाजवळ नको, परकराची नाडी येते तिथे नको. शिवाय मान वाकवली की रुग्णाला स्वतःला ती जागा दिसली पाहिजे. कुणाची खूण चुकली तर सर शस्त्रक्रिया पुढे ढकलायचे. माझ्या खुणा सहसा चुकत नसत.

दुसऱ्या वर्षी आमच्या भागात दुष्काळ होता. तलवाड्याकडच्या एका खेड्यातून एक बाई आली, पन्नाशीच्या आतली, सोबत सून. मी तिकडचीच आहे म्हटल्यावर तिचा जीव जरा भांड्यात पडला. पिशवीचं ऐकून ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "बाई, गावात कुनाला कळंल का?"

"तुम्ही न सांगितलं तर नाही कळणार, मावशी."

"मंग करा. पोटातला गोळा काढला म्हनून सांगीन. पर टँकरवर कुनी माझ्याकडं बघून नाकाला पदर लावला ना, तर मी घराच्या भाईर पडनार न्हाई. आधीच सांगते."

तसं होणार नाही, असा मी शब्द दिला. द्यायला नको होता, पण दिला.

मी तिला तिचंच लुगडं नेसायला लावलं. भाकरी थापायला बसतात तसं बसवलं, वाकवलं, उभं केलं. मग बेंबीच्या खाली, डावीकडे, पुस्तकात दाखवतात अगदी तिथे खूण केली. सरांनी बघून मान हलवली. शस्त्रक्रिया छान झाली आणि ती घरी गेली.

दोन महिन्यांनी आली ती निम्मी होऊन. पिशवीभोवतीची कातडी लालभडक सोललेली. सून म्हणाली, "आत्याबाई जेवतच न्हाईत. पिशवी भरू ने म्हनून."

माझा पारा चढला. "वजन उचलायचं नाही, असं कागदावर लिहून दिलं होतं ना?"

"न्हाईच उचललं," ती म्हणाली. "सरपन न्हाई, पेंडीचं पोतं न्हाई. पानी तेवढं आनलं."

"मग पाणी म्हणजे वजन नाही का, मावशी?"

तिने माझ्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "पानी कावून वजन असंल, बाई? पानी तर आनावंच लागतं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. टँकर वेशीपाशी थांबायचा. तिथून घरापर्यंत घागर डाव्या कमरेवर, आणि घागरीचा फुगीर भाग नेमका माझ्या खुणेवर. पिशवी दोनदा वाटेतच सुटली. तेव्हापासून ती सगळ्या बायका गेल्यावर जाऊ लागली, तर टँकर रिकामा झालेला असायचा.

मला स्वतःची फार लाज वाटली. दहावीपर्यंत मी हापशावरून याच कमरेवर पाणी आणलं होतं, उजवा हात बादलीला मोकळा ठेवून. सर नळाच्या गावातले, त्यांना हे कुठून सुचणार? मला सुचायला हवं होतं. मी तिला भाकरी थापायला बसवलं आणि असल्या दुष्काळात पाण्याचं विसरले.

सरांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "घागर धरतात कशी?" मी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून एक घागर मागवली आणि अर्धी भरली. सरांनी ती आधी स्वतःच्या कमरेवर ठेवून पाहिली आणि पाणी पँटवर सांडून घेतलं. वॉर्डातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मावशीही हसली, त्या दिवशी पहिल्यांदाच.

मग ती घागर घेऊन वॉर्डात चालली आणि मी पेन घेऊन तिच्या बाजूने वाकून चालले. घागर टेकते त्याच्या वर, बेंबीच्याही वर डावीकडे, एक जागा मोकळी राहत होती. पदराखाली झाकली जाणारी. पण तिथे वाट हलवायची म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया.

"पुन्हा चिरायचं?" तिने विचारलं.

"हो. पहिली जागा ठरवताना माझी चूक झाली." या वेळी मी कसलाच शब्द दिला नाही.

तिने घागर खाली ठेवली. मग म्हणाली, "करा."

नंतरच्या दोन तपासण्यांना ती आली. जखम भरली होती, कातडी सुधारली होती. वजन उचलताना पोटाला आधार म्हणून बांधायचा रुंद पट्टा मी तिला दिला. पुरती बरी होईपर्यंत सून पाणी भरते आहे, असं सांगत होती. पुढे माझं प्रशिक्षण संपलं आणि मी जिल्ह्यात परतले, माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात. धरणाने तळ गाठलेला, ऊस नाही, कारखान्याचं धुराडं थंड. डॉक्टरांनी बसून राहू नये म्हणून संचालक मंडळ आम्हाला गावोगाव तपासणी शिबिरांना पाठवायचं. असंच एकदा तिचं गाव आलं.

वेशीत टँकर आडवा उभा होता, म्हणून आमची जीप थांबली आणि मी उतरले. बायकांची झुंबड उडालेली, आणि तिच्या मधोमध ती. कुणाला तरी कोपराने मागे सारत, "माझा नंबर हाय गं" म्हणून ओरडत होती. घागर भरली, पोटावरचा रुंद पट्टा सारखा केल्यासारखं लुगडं सावरलं, घागर डाव्या कमरेवर घेतली आणि सरळ माझ्याच दिशेने आली. मी हसले. 'मावशी' अगदी ओठांवर आलं होतं.

तिने परक्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "कुनाकडं आलात, बाई?"

क्षणभर मला फार लागलं. या बाईच्या पोटात मी दोनदा हात घातला होता. मग तिने पहिल्या दिवशी विचारलेलं आठवलं, गावात कुनाला कळंल का.

"शाळेत," मी म्हणाले. "शिबिर आहे."

"सरळ जावा. देवळाच्या म्होरं हाय."

ती पुढे गेली. घागर हिंदकळून पाणी डाव्या अंगावर सांडत होतं, तिने पिशवीच्या जागी हात लावूनही बघितलं नाही. मागून येणाऱ्या बाईने तिला विचारलं, "कोन गं ती?"

"काय म्हाईत," ती म्हणाली.