पडदा त्यांच्याकडे, खोकं आमच्याकडे

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला सगळ्यात आधी मिळाले ते कपडे. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे अक्कांनी, आपली एक जुनी मोरपंखी साडी फाडून त्याला दोन कव्हरं शिवली. एक पडद्याला, एक खोक्याला. दोन्हींना खाली नाडी. मॉनिटर, सीपीयू हे शब्द आम्ही गिऱ्हाइकासमोर तोंड भरून वापरायचो, पण घरात तो पडदा आणि ते खोकं. माझे यजमान म्हणाले, "वहिनी, याला आता कुंची पण शिवा." अक्कांनी ते मनावर घेतलं नाही. धुळ्याची धूळ काय असते ते त्यांना माहीत होतं.

धुळ्यात आमचा छोटा छापखाना होता. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, शिंदखेड्याकडचं गाव सोडून आल्यावर तो उभा केला होता. पावती पुस्तकं, हँडबिलं निघायची, पण खरं पोट भरायचं ते लग्नपत्रिकांवर. आबा खिळे जुळवायचे, थोरले दीर ट्रेडल मशीन चालवायचे आणि माझे यजमान बाहेरची कामं आणायचे. थोरल्या दिरांना सगळं गावच भाऊ म्हणायचं, म्हणून मीही भाऊच म्हणायची. माझं माहेर दीपनगरच्या कॉलनीतलं. वडील वीजकेंद्रात होते. भुसावळला जाऊन मी मराठी टायपिंग शिकले होते, आणि सून पसंत करताना आबांनी ते ऐकून ठेवलं होतं, हे मला लग्नानंतर कळलं.

नव्वद साल उलटून गेल्यावर गिऱ्हाईक बदलायला लागलं. लोक जळगावहून छापून आणलेली पत्रिका दाखवायचे आणि म्हणायचे, अशी अक्षरं पाहिजेत, गोल गोल. आबांकडे खिळे होते ते चौकोनी आणि झिजलेले. मग एक दिवस ठरलं, आपणही कॉम्प्युटर घ्यायचा. तो घ्यायला आम्ही सगळेच्या सगळे जळगावला गेलो, लग्नाचा बस्ता बांधायला जावं तसे. अक्का का आल्या असं कुणी विचारलं नाही, कारण मीच त्यांना चला म्हटलं होतं.

दुकान एका मारवाडी शेठचं होतं. आधी तो टाइपरायटर विकायचा. त्यानं टेबलावर दोन यंत्रं मांडून ठेवली होती. एक होतं सगळं एकात असलेलं. पडदा, मशीन, सगळं एकाच डब्यात, वर उचलायला खाचसुद्धा. वायर एकच. दुसऱ्यात खोकं वेगळं, पडदा वेगळा आणि मागे वायरींचा गुंता.

आबांना पहिलं आवडलं. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. "बठ्ठं एकमा शे, तेच ल्या," ते म्हणाले. "चालनं ते बठ्ठं चाली, बिघडनं ते बठ्ठं बिघडी."

शेठ हसला. "आबा, तोच तर घोटाळा आहे ना. याचा पडदा गेला की अख्खं मशीन मुंबईला पाठवा. त्याचा पडदा गेला तर नुसता पडदा काढा, दुसरा लावा. मशीनला खबरसुद्धा नाही."

भाऊंना ते पटलं. यजमानांनाही पटलं. दोघा भावांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होणं तेव्हा काही विशेष नव्हतं. मला मात्र शेठनं दोन्हीवर टाइप करून बघायला बसवलं. एकात असलेल्याचा पडदा होता वीतभर. मी एक ओळ मारली. बाजूला उभ्या असलेल्या अक्का वाकल्या, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "माले आठून काय बी दिसत नही." मग मी दुसऱ्यावर तीच ओळ मारली. तो पडदा मोठा होता. अक्कांनी जागेवरून, बोट न लावता, ती सबंध वाचून दाखवली. झालं, ठरलं. आबांना ते पटलं नव्हतं. पण त्यांनी घरी आल्यावर यंत्राला हळदकुंकू वाहिलं आणि नारळही फोडला.

अक्का चौथी शिकलेल्या. मूलबाळ नव्हतं. मी येईपर्यंत छापखान्यात त्यांचं काम म्हणजे पत्रिकांना घड्या घालणं आणि चहा करणं. कॉम्प्युटर आल्यावर त्यांनी माझ्या शेजारी एक स्टूल ओढलं आणि ते पुन्हा कधी हललं नाही. गिऱ्हाइकानं लिहून दिलेला कागद त्या मोठ्यानं वाचायच्या, मी टाइप करायची. त्यांचं वाचणं संथ, शब्दाशब्दाला थांबून, आणि माझे हातही तेव्हा तेवढेच संथ. आमची जोडी छान जमली. कागद ठेवायला लाकडी स्टँड आणू का, असं यजमानांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, स्टँड चहा करतो का?

लग्नपत्रिका ही नुसती छापायची गोष्ट नाही. तिच्यात नाव वरखाली झालं तर मांडवात भांडण होतं. कोण निमंत्रक, कोण विनीत, मामाकडचे कुठे, आत्याचे यजमान कितवे, कैलासवासी कोण. गिऱ्हाईक घाईघाईत काहीतरी लिहून द्यायचं आणि अक्का वाचता वाचता अडायच्या. "मोठा काका जित्ता शे ना? मंग तेनं नाव खाले कसं?" गिऱ्हाईक डोकं खाजवायचं. मी नाव वर घ्यायची. खिळे असते तर आबांना ओळच्या ओळ सोडावी लागली असती, इथं नाव आपसूक वर जायचं. त्याचं अक्कांना फार नवल वाटायचं. "माणसंपण अशी सरकली असती तर," त्या एकदा चक्क माझ्यासारखं शहरी बोलून गेल्या, आणि आम्ही दोघी हसलो.

पत्रिकेच्या तळाशी लहान मुलांची ओळ असते. आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं, आणि पुढे चिंगी, बंटी, सोनू, अशी घरातल्या सगळ्या पोरांची नावं. ती ओळ अक्का वेगळ्याच आवाजात वाचायच्या. मी तेव्हा त्यांच्याकडे बघायची नाही. पडद्याच्या काचेत त्या दिसायच्या, तेवढं पुरे व्हायचं. मी सासरी आले तेव्हा फार एकटी होते, घरात बठ्ठं, शे, नही असं सगळं बोलणं, मला निम्मं कळायचं नाही. ते बोलणं मी त्या स्टुलाशेजारी शिकले. मला त्या घरात कोण मिळालं असं कुणी विचारलं, तर मी आधी अक्कांचं नाव घेईन, नवऱ्याचं नंतर. नवऱ्यालाही ते माहीत आहे.

मग आबा गेले. ते असेपर्यंत कुणाला दिसलं नव्हतं, पण छापखाना त्यांनी एकट्यानं सांधून धरला होता. यजमानांना ट्रेडल काढून ऑफसेट घ्यायचं होतं. भाऊ म्हणाले, बापाचं मशीन मी भंगारात घालणार नाही. दोघांचंही बरोबर होतं, हीच अडचण. चुकलेला माणूस कधीतरी नमतं घेतो. आधी वाद झाले, मग टोमणे आणि शेवटी अबोला. एकाच छपराखाली दोघे गिऱ्हाइकामार्फत बोलायला लागले. आम्ही दोघी आपल्या काम करत होतो. अक्का वाचत होत्या, पण आवाज खाली आला होता.

एका सकाळी वाटणीसाठी मामेसासऱ्यांना बोलावलं. आमच्याकडची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला तोलूनमापून पाडतो आणि धाकट्याला बोलायला जागा राहत नाही. भाऊंनी छापखान्याच्या फरशीवर दोन वाटे मांडायला घेतले. इकडे एक टेबल, तिकडे एक टेबल. इकडे पंखा, तिकडे पंखा. इकडे ट्रेडल, तिकडे कटिंग मशीन आणि वर कागदाचा साठा. मग त्यांनी कॉम्प्युटरच्या वायरी सोडवल्या. मोरपंखी कव्हर घातलेला पडदा उचलून एका बाजूला ठेवला आणि मोरपंखी कव्हर घातलेलं खोकं दुसऱ्या.

मला वाटलं, त्यांचं चुकून झालं. मी दारातून म्हणाले, "मामा, ते दोन्ही मिळून एक आहे. वेगळं केलं तर चालत नाही."

मामेसासरे माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाटणीमा बायास्नी बोलानं नही."

भाऊंना माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. जळगावला शेठसमोर तेच तर उभे होते. पण अख्खा कॉम्प्युटर एका वाट्यात ठेवला असता तर दुसऱ्या वाट्याला कमी गेलं असं कुणीतरी म्हटलं असतं, आणि भाऊंना मरण चाललं असतं पण तसं बोलणं चाललं नसतं. निदान त्या दिवशी मी स्वतःची अशीच समजूत घातली. पुढे वाटायला लागलं, धाकटा बोलेल याची ते वाट बघत असतील. भाऊ, हे काय, दोन्ही तुम्हीच ठेवा, किंवा दोन्ही मला द्या. एवढंच एक वाक्य. आणि यजमान वाट बघत होते की थोरल्यानं म्हणावं. मग यजमानांनी पुढे होऊन खोक्याच्या वाट्यावर हात ठेवला.

मला त्या दोघांचा राग आला होता, आणि तो आजही पुरता गेलेला नाही. आबांचं ऐकून ते एकात असलेलं यंत्र घेतलं असतं तर ते तरी असं मांडता आलं नसतं. अक्कांना दिसावं म्हणून आम्ही मोठा, सुटा पडदा घेतला. सुटा होता म्हणूनच तो सोडवता आला. अक्का माझ्यामागे उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला होता, आणि सामान हातगाडीवर चढेपर्यंत सोडला नाही.

भाऊ पांझरा नदीपलीकडे देवपुरात राहायला गेले. ट्रेडल एका पत्र्याच्या शेडमध्ये लावलं. पडदा त्यांच्या पुढच्या खोलीत कपाटावर बसला, असं शेजारणीकडून कळलं. अक्का सकाळी त्याचं कव्हर वर करून त्या काळ्या काचेत बघून कुंकू लावतात म्हणे. इकडे आमचं फार काही अडलं नाही, छपाई आम्ही बाहेरून करून घ्यायला लागलो. महिन्याच्या आत यजमान जळगावला जाऊन दुसरा पडदा घेऊन आले, खोक्याला जोडला आणि ते सुरू झालं. शेठ म्हणाला होता तसंच. मशीनला खबरसुद्धा नाही. स्टुलाच्या जागी मी कागदाचा स्टँड लावला.

भावांचा अबोला आम्हा बायकांनाही पाळावा लागला. पूल ओलांडायला दहा मिनिटं लागतात, पण मी गेले नाही, त्या आल्या नाहीत. एकदा कुणाच्यातरी लग्नात पंगतीत समोरासमोर आलो. अक्का वाळल्या होत्या. वाढणारे पुढे गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "काम चालू शे ना तुन्हं?"

"चालू आहे, अक्का."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सासरी जाच असलेली मुलगी आईला सगळं बरं आहे म्हणते, तेव्हा आई बघते तसं. मग त्यांना कुणीतरी हाक मारली.

काही वर्षांनी ते खोकंही जुनं झालं. यजमानांनी नवा कॉम्प्युटर आणला आणि खोकं शेठनं परत घेतलं. कव्हर तेवढं मी काढून ठेवलं. पिठाच्या डब्यावर ते बरोबर बसलं.

अक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा शतक संपत आलं होतं. यजमान देवपुरात धावले, खांदा दिला, भावांनी एकमेकांना धरलं, रडले. उशिरा का होईना, ते व्हायचं ते झालं. त्यानंतर पावसाळा संपता संपता एका दुपारी भाऊ रिक्षातून आमच्या दारी आले. मांडीवर पडदा होता, मोरपंखी कव्हरासकट. नाडी नीट बांधलेली. वाटणीनंतर ते पहिल्यांदाच उंबऱ्यात उभे होते. यजमान बाहेरगावी होते. मी पडदा हातात घेतला. तो आठवणीतल्यापेक्षा जड होता.

"तिनी सांगेल व्हतं," भाऊ म्हणाले. "पडदा धाकलीले दी टाका. तिन्हं काम आडी ऱ्हायनं व्हई. दर साले सांगे. मीच आनं नही."

म्हणजे इतकी वर्षं अक्का धरून चालल्या होत्या की त्यांच्या कपाटावर पडदा आहे, म्हणून इकडे माझं काम बंद आहे. पंगतीत मी चालू आहे म्हटलं ते त्यांनी खरं मानलंच नव्हतं.

भाऊ आत आले, बसले. "जोडीसन देख," ते म्हणाले. "चालस का ते देखू."

त्यांच्यामागे टेबलावर नवा कॉम्प्युटर सुरूच होता, कुणाच्यातरी लग्नाची पत्रिका अर्धी टाइप झालेली. त्यांनी मान वळवली असती तर दिसलं असतं. काम एक महिनाही अडलं नव्हतं, हे मला त्यांना सांगवेना. खोकं केव्हाच गेलं होतं, हेही सांगवेना. मी पडदा टेबलाच्या कडेला ठेवला, नाडी सोडली, कव्हर वर केलं. काचेच्या मधोमध कुंकवाचं एक बोट उमटलेलं होतं.

"चालेल, भाऊ," मी म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.