बॉम्ब शेल्टरमधला रेडिओ

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलीइतका स्क्रूड्रायव्हरवर विश्वास असलेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. बंद पडलेली वस्तू कुणीही उघडतं. ही चालू असलेली उघडायची. का, तर "कशी चालते ते बघायला नको का, मावशी?" वय पंधरा-सोळा, केसांत खोचलेली पेन्सिल आणि गळ्यात मल्टिमीटर. हो, गळ्यातच. आमच्याकडे आली की आधी रिमोटच्या बॅटऱ्या तपासायची आणि मग "कशा आहात?" विचारायची. उघडलेली वस्तू परत जोडल्यावर एखादा स्क्रू हमखास उरायचा. तो चिमटीत धरून ती सिंगापुरी थाटात शांतपणे सांगायची, "एक्स्ट्रा लाह." आणि वस्तू खरंच चालायची! आमचा पंखा दोन स्क्रू कमी असून अजून फिरतोय. त्याच्याखाली मात्र मी बसत नाही.

सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या आमच्या ब्लॉकखाली कुणी टाकलेला राइस कुकर दिसला, की बाईसाहेबांनी तो वर आणलाच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी स्टीलच्या वाट्या लुटल्या, तर हिने विचारलं, "आणखी तीन आहेत का? रेझिस्टर वेगवेगळे ठेवता येतील." तिच्या आईने कपाळाला हात लावला. त्या माउलीच्या नव्या सोफ्याला सोल्डरिंग आयर्नने भोक पडलं, तेव्हापासून घरात डाग द्यायला बंदी होती. म्हणून पोरीने आमच्या बॉम्ब शेल्टरमध्ये बस्तान हलवलं. आमच्या फ्लॅटमध्ये ही एक जादा खोलीच आहे, जाड काँक्रीटच्या भिंती आणि तिजोरीसारखं लोखंडी दार असलेली. बॉम्ब काही पडत नाहीत, तेव्हा आम्ही तिथे तांदूळ, पोहे आणि पुण्याहून आणलेले मसाले ठेवतो. त्या डब्यांमध्ये ती मांडी ठोकून बसायची. अर्धवट काम कुणाच्या दृष्टीस पडू द्यायचं नाही हा तिचा नेम, त्यामुळे आत गेली की दार गच्च बंद. पोह्यांना जळका वास यायला लागला. नवरा म्हणाला, "फोडणी करपली वाटतं." मी म्हटलं, "हो."

हे सगळं गमतीत चाललं होतं, पण ते तिचं ओ लेव्हलचं, म्हणजे इथल्या दहावीचं वर्ष होतं. तिला पुढे पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं होतं. तिचे बाबा बँकेत. त्यांना वाटे, सगळ्यांच्या हुशार मुलांसारखं हिनेही ज्युनियर कॉलेजला जावं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. रोजच्या वादाला कंटाळून एक दिवस म्हणाले, "तुला नुसतं उघडता येतं. स्वतः काही बनव. एखादा रेडिओ बनवून वाजवून दाखव, मग पॉलीचं बघू."

पोरगी कामाला लागली. एका फळीवर तिने रेडिओ जोडला, पेनावर तारेचे वेढे घेतले, आणि रेडिओने जे मौन धरलं ते धरलं. तिने तो सोडवला, पुन्हा जोडला, पुन्हा सोडवला. शेवटी एका शनिवारी बाबांना बोलावलं. ते तांदळाच्या पिंपावर बसले, मी पोह्यांच्या डब्यांना चिकटून उभी राहिले. हिने सवयीने दार ओढून घेतलं आणि चकती फिरवत राहिली. काही नाही. बाबा उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे, बाळा. प्रयत्न केलास ना?" रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती फिरकेचना. शेवटी मीच हाक मारली, "अगं, सासूबाई यायच्यात, तुझा पसारा आवर." सासूबाईंना यायला चांगला अवकाश होता, मला पोरीचं तोंड बघायचं होतं. ती आली, वाट्या गोळा केल्या आणि फळी बॅटरीसकट काखेत मारून निघाली. शेल्टरचा उंबरा ओलांडून हॉलमध्ये आली मात्र, तिच्या काखेत तमिळ गाणं सुरू झालं.

ती जागीच थिजली. एक पाऊल मागे गेली, गाणं बंद. पुढे आली, गाणं सुरू. "मावशी," ती म्हणाली, "काँक्रीट. लोखंड. आत सिग्नल येतच नव्हता." आजवर तिने उघडलेल्या पंख्यांना आणि कुकरांना हवेतून काही पकडायचं नव्हतं, त्यामुळे हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती फरशीवर बसली आणि हसता हसता रडायला लागली.

आवाज ऐकून समोरून बाबा बनियनवरच धावत आले. हिने फळी त्यांच्या हातात दिली. बँकेतला माणूस तो, ऐकीव गोष्टीवर विश्वास थोडाच ठेवणार? फळी घेऊन स्वतः शेल्टरमध्ये गेले, बाहेर आले, परत गेले, परत आले. मग घसा खाकरून विचारलं, "इथून पॉलीला एमआरटी ट्रेनने किती वेळ लागतो गं?" मला इतकं हायसं वाटलं, की गॅसवरचं दूध उतू जातंय हे दिसत असूनही मी जागची हलले नाही.

पुढे त्यांनी फ्लॅट विकला. मुलगी आता बुओना व्हिस्टाला एका कंपनीत सर्किटं बनवते. मध्ये बाबांचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही तिला पसारा आवरायला बोलावलं नसतं, तर?" मी म्हटलं, "भलतं काही मनात आणू नका." फोन ठेवल्यावर मात्र माझ्याच मनात ते येत राहिलं. किती थोडक्यात निभावलं होतं! राहवेना, म्हणून तिलाच फोन लावला. कामात होती. "मावशी, नंतर करते हं," म्हणाली. म्हटलं, कर गं बाई, सावकाश कर.