सहस्रकुंडचा तांब्या

काही वर्षांपूर्वी माझी मुलगी नवरा आणि दोन लहान मुलं घेऊन युरोपात तंबू ठोकत फिरली. गाडीच्या टपावर तंबू, मागे गाद्या, शेगडी, भांडी. आज या देशात, परवा त्या. अधूनमधून ती मला व्हिडिओ कॉल करायची, आधी तंबू दाखवायची आणि मग नळ दाखवायची. तिथं तंबूवाल्यांच्या मैदानात जागोजागी नळ असतात. कुणीही जावं, तोटी फिरवावी, भरून घ्यावं. कुठले, कोण, आडनाव काय, कुणी विचारत नाही.

"आई, बाबांची आठवण येते गं," ती म्हणायची. "हे सगळं त्यांचंच वेड."

तंबूबाहेरच्या टेबलावर, त्यांच्या ताटल्या आणि मगांच्या मधोमध, तो पितळी तांब्या ठेवलेला असायचा. मी दर वेळी तिकडून नजर काढून घ्यायची.

वेड तिच्या बाबांचंच, हे खरं. लातूर जिल्हा उस्मानाबादपासून निराळा झाला त्या सुमारास आम्ही लातूरला आलो. हे सरकारी कचेरीत, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत. जिल्हा नवा, पाट्या नव्या, शिक्के नवे, साहेबांच्या खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. पाणी तेवढं नव्हतं. पावसानं दगा दिला होता आणि टँकर आला की घागरी घेऊन पळायचं, हाच आमचा नव्या जिल्ह्यातला रोजचा सोहळा होता. अशात ह्यांनी वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात एक रंगीत चित्र पाहिलं. युरोपातलं कुठलं तरी कुटुंब, हिरवळ, मोटार, तंबू; बाई पाव कापते आहे आणि पोरं अनवाणी पळताहेत. झालं! ते चित्र ह्यांच्या डोक्यात शिरलं ते काही केल्या निघेना.

"सुट्टीत आपण पण जाऊ," हे म्हणाले. "नांदेडवरून सहस्रकुंड, तिथून माहूर. तिथले डोंगर, किल्ला बघू. लेकरांना धबधबा दाखवू. कुणाच्या दारात उतरायचं नाही. आपला तंबू, आपला बिछाना."

कुणाच्या दारात उतरायचं नाही, हे ऐकून मी कान टवकारले. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी आणि सासऱ्यांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, आम्ही दोघं शिकलो, नोकरीला लागलो. पण थोड्याच वर्षांपूर्वी नांदेडकडच्या गावांत आमच्या माणसांची घरं पेटली होती, आणि अनोळखी गावात मुक्काम म्हटलं की चहाच्या आधी आडनाव विचारलं जायचं. आमचं आडनाव दोन्हीकडे चालणारं आहे. मराठ्यांतही सापडतं, आमच्यातही. हे हसून म्हणायचे, "बापजाद्यांनी एवढी एकच इस्टेट ठेवली बघ आपल्याला." मला त्यात कधी हसू आलं नाही.

मी कबूल झाले, पण एक अट घातली. पाणी घरून न्यायचं. प्यायचं, सांडायचं, सगळं.

त्याला कारण होतं. मी सहा-सात वर्षांची असताना आईबरोबर गावच्या विहिरीपासून लांब उभी राहायची. कुणाला दया आली की ती बाई वरून पाणी ओतायची आणि आम्ही खाली ओंजळ धरायची. एकदा ओतता ओतता ती बाई थांबली आणि शेजारणीशी सुनेच्या माहेराबद्दल बोलत बसली. माझे हात दुखायला लागले. आई माझ्या कानाशी म्हणाली, "हात खाली नको घेऊस, तिला राग येईल." आईचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. माझी पोरं मोठी होतील, पुस्तकात वाचतील, भांडतील, ते पुढचं पुढं. पण सहा वर्षांच्या मुलीनं आणि तीन वर्षांच्या मुलानं कुणाच्या पाण्यापुढं ओंजळ धरायची नाही आणि ती का धरावी लागते हेही त्यांना कळायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

"काळ बदलून राहिला बाई," हे म्हणाले. "आता कोण विचारतं?"

"कुणी विचारू नये म्हणूनच पाणी घ्या," मी म्हटलं.

मित्राची जुनी जीप मागून आणली. लिलावातली खाकी राहुटी होती, तिला उंदरांनी आधीच खिडक्या पाडून ठेवल्या होत्या. पाण्याचे दोन मोठे कॅन मी स्वतः टँकरखाली उभं राहून भरले आणि जीपमध्ये पायाशी ठेवले, म्हणजे कुणी हात लावला तर मला कळावं. पहिला मुक्काम नांदेडच्या अलीकडे एका आमराईत केला. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. मुलं राहुटीच्या दोऱ्यांना अडखळून पडत होती आणि पडून हसत होती. ह्यांनी मासिकातल्यासारखा पाव कापायला घेतला आणि त्याचा भुगा केला. मी भाकरी थापल्या.

दुसऱ्या दिवशी भोकर मागं पडलं आणि उन्हानं जीपचं डोकं फिरलं. चढ आला की तिच्या नाकातोंडातून वाफ. माझ्या मांडीवर मुलगा झोपला होता, त्याच्याबरोबर माझाही डोळा लागला. जाग आली तेव्हा जीप सुरळीत चालली होती आणि पायाशी दोन्ही कॅन रिकामे लोळत होते.

"इंजिन जळालं असतं," हे माझ्याकडे न बघता म्हणाले.

"जळू द्यायचं होतं!" मी ओरडले. मुलं दचकून उठली.

सहस्रकुंडला पैनगंगा उडी मारते म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा काळा कातळ तापून पडला होता आणि खाली कुंडात हिरवं पाणी, त्यात म्हशी. मुलानं विचारलं, "धबधबा कुठं गेला?" हे म्हणाले, "सुट्टीवर." ती थट्टा कुणालाच लागू पडली नाही. मुलगा पाणी मागत होता. आधी मागत होता, मग रडत होता, आणि मग रडायचा थांबला तेव्हा मी घाबरले. त्याचे ओठ पांढरे पडले होते. माझी अट, माझा निश्चय, सगळं त्या ओठांपुढं कुचकामी होतं.

इस्लापूरच्या वाटेवर एक आखाडा दिसला. आमच्याकडे शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. बाजेवर शेवया वाळत होत्या आणि एक म्हातारी काठी घेऊन कोंबड्या हाकत होती. जीप बघून ती स्वतःच पुढं आली.

"या माय, सावलीला या. एवढ्या उन्हात लेकरं घेऊन कुठं फिरून राहिलात?"

तिनं रांजणातून पितळी तांब्या भरून आणला आणि मुलाच्या तोंडाला लावला. ते पाणी तिच्या सुनांनी नदीच्या वाळूत खड्डा खणून, वाटीवाटीनं उपसून आणलेलं होतं, हे तिनंच नंतर सांगितलं. मुलगा घटाघटा प्यायला. तिनं त्याला मांडीवर घेतलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं. मग मुलगी प्यायली, मग मी, मग हे. ओंजळ कुणीच धरली नाही.

"आडनाव काय म्हनावं तुमचं?" तिनं विचारलं. ह्यांनी सांगितलं.

"हाव का! मग तं सोयरेच की. आमच्या भाच्याची सासुरवाडी तुमच्यातलीच हाय."

हे माझ्याकडे बघून किंचित हसले. त्या हसण्यात 'बघ, काळ' वगैरे सगळं होतं. मी मान खाली घातली. पण सावली होती, पोरगा शुद्धीवर आला होता, आणि म्हातारी माझ्या मुलीच्या वेण्यांचं कौतुक करत होती. पाच मिनिटं मीही विश्वास ठेवला. या मूर्खपणाचा राग मला ह्यांच्यापेक्षा माझाच जास्त आला, पण तो नंतर.

आम्ही निघायला उठलो. कुणाच्याही घरून निघताना वडीलधाऱ्यांसमोर सरळ उभं राहायचं, हात जोडायचे आणि खणखणीत आवाजात नमस्कार घालायचा, हे मुलीला मीच शिकवलं होतं. पुटपुटलेलं मला चालायचं नाही. ती सरळ उभी राहिली. हात जोडले.

"आजी, जयभीम!"

म्हातारीचा हात मुलाच्या पाठीवर होता. तो तिनं उचलला. ती मुलीकडे बघेना, ह्यांच्याकडे बघत राहिली, आणि हे जीपच्या चाकाकडे. मुलगा तिच्या मांडीवरून उतरून माझ्याकडे आला. एवढ्यात मुलगी शहाण्यासारखी तांब्या परत ठेवायला रांजणाकडे निघाली.

"तिथं नको ठिवू!" म्हातारी केवढ्यांदा ओरडली. मुलगी जागच्या जागी थिजली. मग म्हातारीचा आवाज उतरला. "ऱ्हाऊ दे बाई. तूच ने तो. आता आमच्या काय कामाचा?"

मुलीनं आधी म्हातारीकडे पाहिलं, मग तांब्याकडे, मग माझ्याकडे. तिचा चेहरा फुलत गेला. "आई! आजीनं मला तांब्या दिला!"

शिव्या माझ्या तोंडापर्यंत आल्या होत्या. तो तांब्या त्या शेवयांवर भिरकावून द्यावा असं वाटत होतं. पण माझी मुलगी दोन्ही हातांनी तो छातीशी धरून उभी होती आणि तिला काहीही कळलं नव्हतं. मला हेच तर हवं होतं.

"हो," मी म्हटलं. "आजीनं दिला. चल, बस गाडीत."

जीप वळली तेव्हा म्हातारी आम्ही बसलो होतो तिथं पाणी शिंपडत होती. वाटीवाटीनं उपसलेलं तेच पाणी. मुलगी टाटा करायला मागं वळत होती, मी तिचं तोंड धरून पुढं केलं आणि म्हटलं, ते बघ, बगळे. बगळे कुठले असणार त्या दुष्काळात! ती बराच वेळ शोधत राहिली.

"काळ बदलून राहिला, नाही का?" मी ह्यांना म्हटलं. माहूरला गेलोच नाही, तिथूनच परत फिरलो.

तांब्या आमच्या घरात राहिला. येईल त्या पाहुण्याला मुलगी त्याची गोष्ट सांगायची: आम्ही तहानलेले होतो, एक आजी होती, तिनं आम्हाला पाणी पाजलं आणि वर हा तांब्या बक्षीस दिला. आमचे पाहुणे आमच्यातलेच. त्यांना पहिल्या दोन वाक्यांतच कळायचं. ते माझ्याकडे बघायचे आणि मी चहा टाकायला उठायची. एकदा मी तो मोडीत घालायला काढला, तर पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. मग चिंच लावून मीच तो घासत बसले. आमच्या जागेवर पाणी शिंपडणाऱ्या बाईचं भांडं मी वर्षानुवर्षं लख्ख ठेवलं.

माझ्या आईची गोष्ट मात्र मी मुलांना सांगू शकले नाही. ती सांगायची तर विहीर सांगावी लागली असती. हात खाली न घेणारी माझी आई फोटोत राहिली आणि तिच्या जागी ती म्हातारी आमच्या घरात आजी होऊन बसली.

मुलगी पुढं कॉलेजात गेली, जे कळायचं ते तिला दुसऱ्यांकडून कळलंच. होस्टेलात, नोकरीत. ती भांडली, ताठ राहिली. पण मी कधी संतापून बोलायला लागले की मलाच समजवायची, "सगळे तसे नसतात गं आई. ती सहस्रकुंडची आजी आठव." आठवते, मी म्हणायची. हे गेले तेव्हा बाबांची आठवण म्हणून तिनं घरातली एकच वस्तू मागून नेली.

तर त्या युरोपातल्या प्रवासाच्या शेवटी शेवटी तिचा कॉल आला. मागं तंबू होता, टेबल होतं, टेबलावर तांब्या नव्हता.

"आई, रागावू नकोस हं. तांब्या देऊन टाकला."

"कुणाला?"

"शेजारच्या तंबूत एक बाई होती. कुठून कुठून पळून आलेले लोक दिसत होते, भाषा कळेना. तिचा लहान पोरगा आपल्या तांब्यानंच पाणी प्यायला आणि खाली ठेवेचना. मी म्हटलं, ने, तुलाच राहू दे. तिला किती बरं वाटलं, तू बघायला हवं होतंस. मी माझ्या पोरांना सांगितलं, आपल्याकडची पद्धतच आहे ही. तहानलेल्याला पाणी पाजायचं आणि भांडंही देऊन टाकायचं."

इतकी वर्षं जो घरातून जावा म्हणून मी तळमळले तो गेला, आणि असा गेला. ज्या शब्दांनी तो आम्हाला मिळाला जवळजवळ त्याच शब्दांनी माझ्या पोरीनं तो दुसऱ्याला दिला, आणि तिच्या तोंडी ते शब्द चांगले होते. तिला सांगून टाकावं असं वाटलं. पण तिची पोरं मागून डोकावत होती, मोठीनं विचारलं, "आजी, यू नो दॅट आजी?" हे सगळं आता त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

"बरं केलंस," मी म्हटलं.

"ती आजी आता नसेलच ना गं?" मुलगी म्हणाली. "तेव्हाच केवढी म्हातारी होती."

"असेल," मी म्हटलं. "ती कुठं जाते!"