शिकारीच्या गुन्ह्यातला आंधळा म्हातारा

मोखाड्याचं ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. नावं सांगणार नाही. माझी शाळा थोडकीच. शिपाई म्हणून लागलो आणि फौजदार होऊन निवृत्त झालो. त्यामुळे कोणी तपास शिकवायला आलं की मला राग येतो.

मी नुकताच बदलून आलो होतो. सूर्यमाळच्या अंगाला एका पाड्यावर रानडुकराच्या शिकारीत गावठी बंदुकीची गोळी लागून माणूस मेला होता. एका म्हाताऱ्याने कबुली दिली, न्यायाधीशासमोरही तेच बोलला. दोषारोपपत्र गेलं, म्हातारा आत.

मग तुरुंगात कैद्यांना भेटणारी एक ख्रिस्ती सिस्टर ठाण्यात आली.

"साहेब, त्याला दिसत नाही. मी समोर उभी राहिले तरी बोलल्याशिवाय ओळखत नाही. तो नेम काय धरणार?"

"बाई, तुम्ही प्रार्थना करा. तपास आम्ही करतो."

"मग करा ना. मी कुठे अडवलंय?"

ठाणे अंमलदार मान खाली घालून हसला. ही बाई सोडणारी नव्हती. कैदी आत घेताना डॉक्टरने नीट बघावा, त्याची बोली कळणारा माणूस जबाबाला बसवावा, म्हणून तिच्या संस्थेचे लोक कोर्टात सारखे अर्ज करत.

मी पाड्यावर गेलो. भाताची लावणी चालू होती. घरी म्हाताऱ्याच्या पुतण्याची बायको होती. दाराच्या खांबापासून मागच्या झुडपापर्यंत दोरी बांधलेली.

"ही कशाला?"

"काका परसाकडं धरून जायचं. त्यांना काय दिसं नाय ना." बोलली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

आंधळा म्हातारा गुन्हा अंगावर घेणार तो घरच्यासाठीच, म्हणून पुतण्याला ठाण्यात आणलं. मारहाणीने माणूस तुम्हाला हवं ते बोलतो, म्हणून मी चहा दिला. "काका आत काय खातो, तेवढं तरी विचार."

तो रडायलाच लागला. "काकाच बोलला सायेब, 'मी लावणीच्या काय कामाचा? तू गेलास तं पोरं खातील काय?' सगलं बसलं नि तसंच ठरवलं."

डुक्कर समजून पुतण्यानेच झाडीत गोळी झाडली होती. मी बाकीच्या शिकाऱ्यांचे जबाब घेतले, म्हाताऱ्याचे डोळे सरकारी डॉक्टरकडून तपासून घेतले, कोर्टात पुरवणी अहवाल दिला. पुतण्या आत गेला, म्हातारा सुटला.

त्याला घरी सोडायला सिस्टर आली, मीही होतो. ओसरीवर बसून त्याने विचारलं, "पोरगा कुठं?"

"तुमच्या जागंवर," सून म्हणाली.

म्हाताऱ्याने आवाजाच्या अंदाजाने सिस्टरकडे तोंड वळवलं. "तुला कोनी सांगितलेलं गं बाय, मला सोडवायला?"

पुढच्या भेटीच्या दिवशी सिस्टर पुतण्यासाठी तुरुंगाच्या दाराशी उभी होती. मग ठाण्यात आली. "गोळी चुकून लागली, हे जामिनाच्या वेळी कोर्टात येऊन सांगाल?"

सांगितलं. जामीन मंजूर झाला, पण पाड्यावरचा जामीनदार कोर्टाला चालेना, म्हणून पुतण्या आतच राहिला. त्या हिवाळ्यात म्हातारा गेला. खांदा द्यायला पुतण्या नव्हता.

खरा आरोपी सापडला की कोणाचं तरी भलं होतं, असं मी नोकरीभर धरून चाललो. त्या घरात कोणाचं झालं, ते मला सापडलं नाही. माझा तपास बरोबर होता, हे मी कोणत्याही साहेबापुढे छातीठोक सांगेन. त्या सुनेपुढे जाऊन सांगायचं मात्र माझ्याने झालं नाही.